डोळे वटारणारं हेल्मेट

२ फेब्रुवारी

अक्काचा फोन. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती फोनवर बोलत नाही, निकाल जाहीर करते. आजचा निकाल असा, की तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांचं करायला ठेवलेली बाई महिनाअखेरीला जाणार आणि तिच्या जागी मी येणार. वर हेही, की "तुला तरी आता काय काम आहे?" शाळेने चित्रकलेचा तास बंद करून मला नारळ दिला तेव्हापासून माझ्याबद्दल घरात सगळ्यांनाच हा प्रश्न पडतो, पण तोंडावर विचारायची धमक फक्त अक्कात आहे. मी म्हटलं, बघते. अक्काच्या हिशोबी 'बघते' म्हणजे कपडे भरायला घेतले.

मी धाकट्याकडे राहते. धाकटा म्हणजे माझा भाऊ. खाली त्याचं दुकान, मोटरसायकलचे सुटे भाग आणि हेल्मेटं. वर घर, आणि मागच्या अंगणाकडची खोली माझी. जेवताना मी अक्काचा निकाल सांगितला. धाकटा ताटात बघत राहिला. अक्काचं नाव निघालं की तो आजही पाचवीत जातो. भावजय वाढत राहिली. मी काय ओळखत नाही होय तिला? मागची खोली रिकामी झाली की दुकानाचा माल ठेवायला बरी पडेल, एवढंच तिच्या डोक्यात चाललं असणार.

मला असा राग आला, की मी म्हणाले, मला काम आहे. धाकट्याने विचारलं, कसलं? समोर जिन्यात त्याने रचून ठेवलेली काळी हेल्मेटं दिसत होती. म्हटलं, हेल्मेटं रंगवणार, एअरब्रशने. हा शब्द माझ्या तोंडून कसा बाहेर पडला देव जाणे, हवेच्या जोराने रंग फवारणाऱ्या त्या वस्तूला मी जन्मात हात लावलेला नाही. धाकट्याचा चेहरा मात्र उजळला. काळं हेल्मेट आता गल्लीगल्लीत मिळतं, रंगवलेलं कुणाकडे नाही, असं तो म्हणाला. ठरलं असं, की महिनाअखेरीपर्यंत एका जरी खऱ्या गिऱ्हाइकाने माझं हेल्मेट नेलं, तर अक्काला 'ताई येणार नाही' असं तो स्वतः सांगेल. हे म्हणताना त्याचा घास हातातच राहिला होता, तरी म्हणाला खरा.

५ फेब्रुवारी

दोन दिवस फोनवर व्हिडिओंमधले लोकांचे हात बघते आहे. रंगवणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत, नुसते हात, आणि प्रत्येक हाताला वाटतं आपल्यालाच अक्कल. एक हात म्हणतो स्वस्तातलं घ्या, शिकताना बिघडणारच. दुसरा म्हणतो स्वस्तातलं घेतलंत तर शिकणारच नाही. काही ब्रश असे, की बटण दाबलं की हवा आणि रंग एकदमच. काही असे, की बटण दाबलं की हवा आणि तेच बटण मागे ओढलं की रंग, जितकं ओढाल तितका. हे दुसरं प्रकरण मला उगाचच नखऱ्याचं वाटलं. आयुष्यभर खडूने फळ्यावर घोडे काढले, मला काय बटणं शिकवता?

शेवटी एक गुलाबी डबा मागवला. त्यात ब्रशला हवा पुरवणारा पाण्याच्या बाटलीएवढा कंप्रेसर, चार्जिंगवर चालणारा. डब्यावर लिहिलंय, नखं, केक, मेकअप व इतर. इतर म्हणजे हेल्मेटच असणार.

८ फेब्रुवारी

डबा आला. ब्रश रंग उडवत नाही, थुंकतो. आधी नुसती हवा, मग काहीच नाही, मग अचानक पिचकारी. भिंतीवर, चादरीवर, माझ्या नाकावर, सगळीकडे निळं झालं, फक्त पुठ्ठा कोरा राहिला. थोड्या वेळाने कंप्रेसर तापला आणि फुर्र करून गप्प झाला. मीही गप्प झाले.

भावजय चहा घेऊन आली. नाकाकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, चहा ठेवून निघून गेली. दाराबाहेर गेल्यावर हसली असणार. हसू दे.

९ फेब्रुवारी

धाकट्याने हवावाल्याकडे पाठवलं. हा माणूस जुने कंप्रेसर विकतो, दुरुस्तही करतो, आणि कुणी गेल्यावर भेटायला आल्यासारखं हळू आवाजात बोलतो. माझा गुलाबी डबा त्याने बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "मुलीचं खेळणं आहे का?" मी म्हटलं, माझं आहे. त्यावर त्याने मला खुर्ची दिली.

त्याचं म्हणणं असं, की नवीन माणूस आधी ब्रश घेतो आणि उरल्यासुरल्यात हवेचं बघतो, तिथेच फसतो. आधी हवा बघायची. कंप्रेसरला टाकी हवी, नाहीतर हवा ठेचकाळत येते आणि रेघेचे मणी होतात. दाब कमीजास्त करायची कळ हवी. पाणी अडवणारी काचेची बाटली हवी, कारण दाबलेल्या हवेत पाणी धरतं आणि बरोबर चित्राच्या तोंडावर थेंब टाकतं. ब्रश तोच नखऱ्याचा घ्यायचा, दाबून ओढायचा, वर रंगाची वाटी असलेला, आणि सुई मध्यम. सगळ्यात बारीक सुईचा मोह सगळ्यांना होतो, पण ती सारखी तुंबते आणि नवशिक्याच्या हातून वाकते. आणि मास्क कापडाचा नाही, दोन बाजूंना गाळण्या असलेला, तो घातल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही. मी म्हटलं, मी उघड्या तोंडाने खडूच्या धुळीत आयुष्य काढलंय. तो म्हणाला, मग आता तरी झाका.

दाताच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यातला कंप्रेसर त्याने मला दिला, कारण तो आवाज कमी करतो. बरोबर सरावासाठी मोटरसायकलची एक पोचे पडलेली पेट्रोलची टाकी आणि तिचे नियम. बारीक पॉलिश कागदाने घासायची, थिनरने दोनदा पुसायची, आणि मग बोटाचा एकही ठसा उमटता कामा नये. ठसा राहिला की तिथला रंग सुटतो. हे मला फार पटलं. पाटी आधी स्वच्छ पुसा हे मीही पोरांना जन्मभर सांगत आले.

१२ फेब्रुवारी

आज भावजय टेप घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्यादेखत खिडकीचं माप घेतलं. लांबी, रुंदी, सगळं. मी पलंगावर बसलेली, जिवंत. विचारलं, हे काय? म्हणाली, काही नाही. अजून मी गेले नाही तर हिने रॅकची मापं घ्यायला सुरुवात केली. माणसाने थोडा तरी दम धरावा.

शिवाय हिचं दुसरं एक चाललंय. रोज संध्याकाळी शिवणाच्या क्लासला जाते, पण घरात आजवर एक काज शिवलेलं दिसलं नाही. काल कोपर खरवडून आली. मी विचारलं, तर म्हणे मशीनला लागलं. पदराला काळं ग्रीस. ही असली कसली मशीन? माझा अंदाज आहे, की ही दलालाकडे जाते. माल ठेवण्यापेक्षा खोली भाड्याने देणं फायद्याचं, हे तिला कळण्याइतकी ती हुशार आहे.

१४ फेब्रुवारी

खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. मला न विचारता. माणूस आला, काच काढली, पंखा ठोकून गेला. भावजय म्हणाली, तुमच्या रंगाचा वास स्वयंपाकघरात येतो. नाक बघा केवढं तेज! आपलं घर नाही तिथे आपला वासही नाही, दुसरं काय.

खोलीत आता श्वास घेता येतो, ही गोष्ट वेगळी.

१६ फेब्रुवारी

हवा नीट आली आणि माझी मिजास उतरली. बटण मागे ओढायचं म्हणजे केसभर. मी ओढते बैल ओढल्यासारखं. दिवसभर फक्त ठिपके, मग रेघा, मग एका टोकाला जाड होऊन दुसऱ्या टोकाला विरून जाणाऱ्या रेघा. पहिलीतल्या पोरांना मी हेच करायला लावायची आणि ती रडायची. आता त्यांचं म्हणणं कळलं. दुपारी सुई धुताना हातातून पडली ती बरोबर टोकावर, वाकडी झाली. हवावाल्याने नवी सुई देताना तोंडातून शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

टाकी मात्र जमली. घासली, थिनरने दोनदा पुसली, तिच्यावर कुत्र्याच्या मागे लागलेली कोंबडी काढली. कुत्र्याच्या डोळ्यात खरोखरची भीती उतरली आहे. धाकट्याने ती दुकानात मांडली आणि दिवसभर येणारा जाणारा तिथे थांबून हसतो आहे. मी आज पोटभर जेवले.

१७ फेब्रुवारी

टाकीनंतर हेल्मेट. दुकानात काच तुटलेलं एक पडलं होतं, ते सरावाला घेतलं. टाकीसारखंच, घासलं, थिनरने चोपून पुसलं. कंपनीचं नाव चिकटवलेलं होतं त्याचा डिंक निघेना, म्हणून थिनरचं फडकं तिथे ठेवून दिलं, लोण्यासारखा निघाला. आतही एक कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा, दिसायला घाण. तोही काढून टाकला. सगळं कसं लख्ख. वर पानं आणि एक सरडा. गोल पृष्ठभागावर चित्र काढायचं म्हणजे सरड्याचं शेपूट कुठे जाईल याचा नेम नाही.

१८ फेब्रुवारी

ऑर्डर आली!

मी आंघोळीला गेले होते तेव्हा एक बाई दुकानात येऊन गेली, असं भावजय म्हणाली. कोंबडीची टाकी बघितली आणि स्वतःसाठी हेल्मेट सांगून, आगाऊ पैसे देऊनही गेली. लहान मापाचं हवं. कवटी नको, ज्वाळा नकोत, फुलपाखरू तर मुळीच नको. मग काय हवं? तर म्हणे, मागच्या गाडीवाल्याने उगाच हॉर्न वाजवायला हात नेला तर तो हात तिथेच थिजला पाहिजे. भावजयीने हे सगळं असं सांगितलं जसं काही तीच दुकानात उभी होती. म्हणजे ती उभी होतीच, पण तरीही.

मी विचारलं, बाई कशी होती? म्हणाली, साधीच, नवीन शिकते आहे. मी म्हटलं, या वयात मोटरसायकली शिकणाऱ्या बायकांना घरी कामं नसतात का? भावजय म्हणाली, "वय मी कुठे सांगितलं, ताई?" आणि हसत आत गेली. तिचं हसणं मला कधी कळत नाही.

२१ फेब्रुवारी

कल्पना सुचली तेव्हा मी दात घासत होते. हेल्मेटच्या मागच्या बाजूला दोन डोळे, चष्म्याच्या वरून बघणारे. वर्गात शेवटच्या बाकावर कुजबूज झाली की मी फळ्याकडून वळून जी नजर टाकायची, ती. त्या नजरेने एकदा खुद्द निरीक्षकांनी खिशातला फोन बंद केला होता.

तीन दिवस आरशासमोर बसून स्वतःवरच डोळे वटारते आहे आणि काढते आहे. हेल्मेट नवं कोरं, आधी सगळं शिस्तीत केलं, घासणं, थिनर, डिंकावर फडकं. रंग पाण्याचे घेतलेत, मास्क लावलाय, पंखा चालू. हवावाला बघून गेला आणि म्हणाला, शिकलात. आपल्या कामाला कुणी शिकलात म्हटलं की या वयातही कान गरम होतात.

आज भावजय दारात खूप वेळ उभी होती. मग म्हणाली, ताई, उजवी भुवई अजून थोडी उचला, तुम्ही उचलता तशी. मी आरशात पाहिलं. मेलीचं बरोबर होतं. म्हणजे ही मला इतकी वर्षं एवढं निरखून बघते आहे.

२४ फेब्रुवारी

वरचा चकचकीत थर मी मारला नाही. त्याचा वास जीवघेणा, त्याला वेगळी बंद खोली लागते. हवावाल्याच्या ओळखीच्या मोटार रंगवणाऱ्याने मारून दिला. हेल्मेट घरी आलं आणि मी ते टेबलावर ठेवून समोर बसले. कौतुक आपलं आपण करू नये म्हणतात. मी केलं. आयुष्यात इतकी वर्षं चित्रकला शिकवली, पण असं चित्र मी कधी काढलं नव्हतं. धाकटा आत आला, मागून डोळे दिसताच दचकून म्हणाला, मी काही केलं नाही.

अक्काने कळवलंय, ती अठ्ठावीसला स्वतः मला न्यायला येते आहे. येऊ दे. त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक हेल्मेट न्यायला येणार. अक्काच्या नाकासमोरून जाईल माझं हेल्मेट.

२५ फेब्रुवारी

सकाळी उन्हात धरून बघत होते. कानाच्या बाजूला, पट्टा आत जातो तिथे, रंगाच्या खाली बारीक बारीक रेषा. जुन्या कपबशीच्या आत असतात तशा. बोटाला लागत नाहीत, तिरकं धरलं तरच दिसतात. वाटलं वरच्या थराच्या असतील. मग सरड्याचं हेल्मेट काढलं. त्याच्यावर तर जाळंच, आणि सगळ्यात जास्त तिथे, जिथे मी फडकं ठेवलं होतं.

खाली जाऊन त्याच कंपनीचं नवं हेल्मेट घेतलं आणि आतला तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद भिंगाखाली धरला. लिहिलंय, या हेल्मेटचं कवच प्लास्टिकचं आहे, त्याला थिनर, पेट्रोल वा तत्सम काही लावू नये, कवच कमजोर होतं आणि ते बाहेरून दिसत नाही. हवावाल्याने मला टाकीचे नियम दिले होते. टाकी पत्र्याची. मी शहाणीने पत्र्याचे नियम प्लास्टिकला लावले, आणि लावू नका असं सांगणारा कागद घाण दिसतो म्हणून उपटून फेकला. पोरांना जन्मभर बजावलं, आधी प्रश्न नीट वाचा.

धाकट्याला विचारलं, तू हा कागद वाचला होतास का? म्हणाला, मी विकतो, मी कशाला वाचू? मग त्याच्या लक्षात आलं मी काय म्हणते आहे ते. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला. पण थोड्या वेळाने म्हणाला, "देऊन टाक ताई. पडतंय कोण रोज? हे दिलं नाही तर मी अक्काला काय सांगू?" मला जाऊ द्यायचं नाहीये त्याला. हे त्याने असं, भलत्याच वेळी सांगितलं.

२६ फेब्रुवारी

सरड्याचं हेल्मेट आणि दुकानातलं एक नवं, दोन्ही गच्चीवरून अंगणात टाकली. नवं आपटलं, उडालं, गडगडत कोपऱ्यात जाऊन बसलं. सरड्याचं पडलं आणि उभं फाटलं. धाकटा नव्याकडे बघून हळहळला, कारण पडलेलं हेल्मेट आता विकता येणार नाही. माझी नजर फाटलेल्यावरून हलेना.

तरी मी काय केलं ते लिहितेच, इथे कोण वाचतंय. मी स्वतःची समजूत घातली, की सरड्याला थिनर जास्त लागलं होतं, डोळ्यांच्या हेल्मेटला कमी. डोळ्यांवर फडकं थोडाच वेळ होतं. ती बाई नवीन शिकते आहे, म्हणजे हळूच चालवणार. सासूबाईंचं ते अंथरूण, अक्काच्या घरातला तो वास, दिवसभर अक्काचे हुकूम, सगळं डोळ्यांसमोर आलं. मऊ फडक्यात हेल्मेट गुंडाळून मी खाली काउंटरवर नेऊन ठेवलं. दोनदा तपासलं, रेषांची बाजू खाली राहील असं.

२८ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

अक्का दुपारी आली. पाणी पिण्याआधी माझी बॅग कुठे आहे ते विचारलं. धाकट्याने काल रात्रीपासून वाक्य पाठ केलं असावं. तो म्हणाला, अक्का, ताईला काम मिळालंय, आज गिऱ्हाईक येणार आहे. अक्का म्हणाली, बघू कसलं काम. फडकं तिनेच सोडलं. हेल्मेट फिरवलं, मागचे डोळे समोर आले आणि अक्का एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, बऱ्यापैकी आहे. अक्काकडून बऱ्यापैकी म्हणजे दुसऱ्याकडून हारतुरे. धाकट्याची छाती दोन बोटं वर आली. माझं काम फत्ते होत होतं. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं.

आणि ते डोळे माझ्याकडे बघत होते. माझेच, मीच काढलेले, चष्म्याच्या वरून. मी ही नजर शेकडो पोरांवर टाकली, पण ती समोरून कशी लागते ते मला आज कळलं. मी काउंटरखालचा हातोडा काढला, हेल्मेट उचललं, मागच्या अंगणात नेऊन पायरीवर ठेवलं आणि घाव घातला. एका मनाला अजूनही वेडी आशा होती, की फुटणार नाही. कानापासून भुवईपर्यंत एका घावात चीर गेली. मग मी मारतच राहिले. नुसतं बाजूला ठेवून भागलं नसतं. संध्याकाळपर्यंत मीच ते विकलं असतं. मी मला ओळखते.

धाकटा डोकं धरून बसला. अक्का म्हणाली, झालं समाधान? बॅग भर. मी वर जाऊन बॅग काढली. भरायलाही लागले. खरं सांगायचं तर रडायला येत होतं, पण अक्कासमोर नाही म्हणून आवरलं.

खालून हुंदके ऐकू आले म्हणून खिडकीतून पाहिलं. भावजय पायरीवर बसली होती, हातात एक डोळा असलेला तुकडा, आणि हमसून हमसून रडत होती. मला वाटलं, आगाऊ घेतलेले पैसे परत द्यावे लागणार म्हणून. खाली जाऊन म्हटलं, रडू नकोस, त्या बाईला मी समजावते.

ती म्हणाली, "बाई कुठली, ताई? ते माझं होतं."

मला काही कळेना. तिने नाक पुसत पुसत सांगितलं. शिवणाचा क्लास नाहीच. ती मोटरसायकल शिकते आहे. ठोक बाजारातून माल आणायला दुकानात दुसरं माणूस नाही, धाकट्याच्या कमरेला आता ते झेपत नाही. दोनदा पडली. कोपर तेव्हाचंच.

मी म्हटलं, मग मला सरळ का नाही सांगितलंस? मी फुकट रंगवलं असतं.

"म्हणूनच नाही सांगितलं. घरातल्या माणसाचं काम म्हणजे काम नव्हेच, असं अक्का म्हणाल्या असत्या. गिऱ्हाईक परकंच हवं होतं."

मी तिच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. चीर जिथून सुरू झाली होती, तिथे आत तिचा कान आला असता. परवा मी ते दोनदा तपासून काउंटरवर ठेवलं होतं, रेषांची बाजू खाली करून. मी तिथेच तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग मी तिला सगळं सांगितलं, थिनर, कागद, गच्ची, आणि परवाचं काउंटरही. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, फोडलंत ना पण.

अक्का दारात येऊन उभी होती. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, तुमचं रडून झालं असेल तर निघू या, गाडी चुकेल.

भावजय उठली. ही बाई अक्कासमोर कधी मान वर करत नाही. आजही केली नाही, खाली बघूनच बोलली, "ताई कुठे जाणार नाहीत. माझं हेल्मेट राहिलंय त्यांच्याकडे. पैसे दिलेत मी."

अक्का म्हणाली, "आणि माझ्या सासूबाईंचं कोणी करायचं?"

"त्यांना मुलगा आहे ना."

धाकटा तोंड वासून बायकोकडे बघत होता. अक्काच्या तोंडात मारल्यासारखं झालं, मी तिला शब्द शोधताना पहिल्यांदाच पाहिलं. मग धाकट्याने घसा खाकरला आणि म्हणाला, हो अक्का, भावजींना काय होतंय? त्याचा आवाज बारीक निघाला, पण निघाला.

अक्का चहा न घेता गेली. एकटीच. ती वर्षभर बोलणार नाही, हे एक बरंच झालं.

मी बॅग उपसत होते तेवढ्यात भावजय वर आली आणि टेबलासमोरच्या स्टुलावर बसली. थिनरने कमजोर न होणारं फायबरचं कवच मिळतं म्हणे, ते मागवायचं, पण मापाचं हवं. म्हणाली, घ्या माप. मी दोरी घेतली आणि तिच्या कपाळावरून, कानांच्या वरून मागे नेली. इतकी वर्षं एका घरात राहतो, पण तिच्या डोक्याला मी आज पहिल्यांदा हात लावला. डोकं लहान आहे, गरम आहे, आणि एका बाजूला केसांत खपली धरलेली जखम आहे, जिच्याबद्दल ती अजून बोललेली नाही. मी माप लिहून घेतलं. पुन्हा घेतलं. मग दोरी तशीच धरून उभी राहिले.

तिने विचारलं, झालं का?

मी म्हटलं, हलू नकोस, अजून नाही झालं.